एकाला एकच वाद्य

सुधीरचा फोन आला तेव्हा मी शहागंजात घड्याळवाल्याच्या टपरीसमोर उभा होतो. सुधीर म्हणजे एस्तेरताईंचा भाचा. "काका, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला आणि मागे कुणाशी तरी बोलायला लागला. मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून "बरं" काय म्हणायचं, पण तेव्हा तोंडातून तेच निघालं. आणि आता वय झालं, खोटं कशाला बोलू... त्या क्षणी मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. लोक 'ताई सुटल्या' म्हणतात तसं नाही. मी सुटलो. हे मनात येतंय न येतंय तोच घड्याळवाला म्हणाला, "चचा, बैठो बैठो, पानी पियो," तेव्हा मला कळलं की मी भर बाजारात रडतोय. त्याने स्टूल पुढे केलं. मी बसलो आणि चांगला मोठ्याने रडलो, आणि तो भला माणूस हातातलं काम टाकून माझ्या शेजारी उभा राहिला.

याला आता महिना होऊन गेला. दरम्यान ताईंबद्दल पेपरांत बरंच छापून आलं. 'सुरांना वाहिलेलं आयुष्य', 'छावणीची तपस्विनी' असे मथळे होते. फोटो सगळ्यांनी एकच छापला. पांढरी साडी, गुडघ्यांत धरलेलं वाद्य, ओठ घट्ट मिटलेले. ते ओठ त्या का मिटत असत हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, तेही अगदी शेवटी. साठ वर्षांहून जास्त काळ मी त्यांच्या डाव्या हाताला बसून वाजवलं, त्यामुळे लिहायचं तर तुम्हीच, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं. लिहितो. पण मथळ्यांसारखं माझ्याच्यानं होणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

ज्यांना आमचा महोत्सव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. महोत्सव हा शब्द मुळात जरा मोठाच आहे. संक्रांत झाली की तीन संध्याकाळी, छावणीतल्या चर्चमागचा हॉल, नगर, जालना, मिरज अशा ठिकाणच्या मिशनमधून आलेली गाणारी-वाजवणारी मंडळी, आणि मधोमध आम्ही चौघं. वाजवायचो काय, तर तीन-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या घरांत, जेवणं झाल्यावर चार माणसं दिवाणखान्यात बसून जे वाजवत ते. एकाच घाटाची चार वाद्यं, लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळी मांडीवर नाहीतर गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची. त्यांना व्हायल म्हणतात, पण छावणीत कुणी तसं म्हणत नसे. छावणीच्या लेखी त्या सारंग्या होत्या आणि आम्ही सारंगीवाले. सगळ्यांत लहान, वरच्या सुराची ताईंची. सगळ्यांत मोठी, खालच्या सुराची माझी. या संगीतात कुणी मुख्य नसतो आणि कुणी साथीला नसतो. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या एकट्याच्या सुराचा कागद असतो, बाकीच्यांचं काय चाललंय ते कानांनीच कळायचं. चौघं मिळून चीज होते. एक जण उठून गेला तर उरलेले तिघं काहीतरी भलतंच वाजवताहेत असं वाटतं. हे तेवढं लक्षात ठेवा, कारण आमची आयुष्यं अडकली ती इथंच.

हे सगळं आणलं मिसबाईंनी. त्यांना काही नाव होतं, पण आमच्या तोंडी ते कधी बसलंच नाही. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत छावणीतले साहेबलोक मिळेल त्या मोटारीने मुंबईकडे निघाले, तेव्हा या बाई मागे राहिल्या, का तर चार वाद्यांची लांबलचक पेटी कुठल्याच मोटारीत मावेना. असं ताईंचे वडील सांगत. ते मिसबाईंचे खानसामा होते, म्हणून खरं मानायचं. निजामाचं राज्य गेलं, साहेब गेले, आणि पेटीतली वाद्यं वाजवायला कुणी उरलं नाही. मग बाईंनी जे हाताशी सापडले त्यांना धरलं. खानसाम्याची मुलगी एस्तेर, तिच्या मांडीवर लहान वाद्य दिलं. मिशनच्या दवाखान्यातले डेव्हिड कंपाउंडर आणि शहागंजात गणित शिकवणारे हमीद सर, यांना मधली दोन. आणि मी पिशोरचा, कुणब्याचा पोरगा, बोर्डिंगात शिकायला ठेवलेला. उंच होतो, हात लांब होते, म्हणून मला मोठं. संगीत-बिंगीत कुणी विचारलं नाही.

मिसबाईंचा एक नियम होता, आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. एकाला एकच वाद्य. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याचा सूर शिकायचा नाही, दुसऱ्याचा कागद बघायचाही नाही. हात बिघडतो, म्हणत. कान बिघडतो. एका सुराला एक जन्म लागतो. आम्ही मान डोलावली. गोऱ्या बाईने सांगितलं म्हणजे इंग्लंडात तसंच असणार, यात शंका घेण्यासारखं काय होतं? हमीद सर मात्र एकदा सायकल हातात धरून चालताना हळूच म्हणाले होते, "मॅडम को ख़ुद को कितना आता है, ये तो अल्लाहच जाने." आम्ही हसलो आणि विसरून गेलो. पुढे बाईंची तब्येत बिघडली, त्या कायमच्या मायदेशी निघाल्या. स्टेशनावर आम्ही चौघं होतो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "एस्तेर, तुम्ही चार नाही. एक शरीर. तू वरचा सूर. तू गेली तर सगळा गेला." ताईंचे वडील मागे उभे राहून डोळे पुसत होते. तेव्हा ताई जेमतेम विशीच्या असतील. त्या नुसत्या "हो" म्हणाल्या. खानसाम्याच्या मुलीने दुसरं काय म्हणायचं?

मग गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ताईंच्या घरच्या बैठकीत तालीम, पाऊस असो, लग्न असो, मयत असो. विलायतेहून तारा येणं बंद झालं तेव्हा हमीद सरांनी तोडगा काढला. या वाद्यांना लोखंडी तार चालत नाही, आतड्याची तात लागते, आणि तात मराठवाड्यात कुठं मिळते, तर पिंजाऱ्याकडे, कापूस पिंजायच्या कमानीची. शहागंजातला एक म्हातारा पिंजारी आम्हाला खास बारीक तात वळून द्यायचा. "ये बजाते हैं क्या गादी भरते हैं?" असं तो दर वेळी विचारायचा. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून चारी वाद्यं आतल्या अंधाऱ्या खोलीत, पाण्याच्या रांजणांशेजारी, ओल्या फडक्यांखाली ठेवायची आणि ती फडकी कुणीतरी दुपारी जाऊन भिजवायची. हे कुणीतरी म्हणजे ताई. मिशनच्या शाळेत शिकवायच्या, मधल्या सुट्टीत भर उन्हात घरी यायच्या, फडकी भिजवायच्या आणि परत जायच्या. त्यामुळे उन्हाळ्यात त्या कधीच कुठे गावाला गेल्या नाहीत. वेरूळ इथून हाकेच्या अंतरावर, पण शाळेच्या सहलीबरोबरही त्या गेल्याचं मला आठवत नाही. आमच्या पिशोरकडे माझा बाप मला म्हणायचा, "तुझ्या त्या सारंगीला वासरू झालंय का रं? येळ झाली का पळतो ते." मी चिडायचो. पण त्यात खोटं काय होतं?

ताईंचा आवाज फार गोड होता. हे आज कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे बघत राहतात. चर्चमध्ये हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला त्या एकदा एकट्याने गायल्या. त्या दिवशी मुंबईचे कुणी पाहुणे आले होते, रेडिओवर मोठ्या जागेवर काम करणारे. त्यांनी ताईंना आवाजाच्या परीक्षेला बोलावलं. ताई वडिलांबरोबर जाऊन आल्या आणि पास झाल्या. नोकरी होती, कायमची, गाण्याची. भावगीतं, सुगम गाणी, मुलांच्या कार्यक्रमातली गाणी... महिन्याभरात हजर व्हायचं होतं. छावणीत पेढे वाटले गेले. त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही चौघं जमलो. डेव्हिड कंपाउंडर खाली बघून गजाला राळ घासत बसले. मी विशीतला, मोठ्यांच्या मध्ये मी काय बोलणार? शेवटी हमीद सर म्हणाले, "तो फिर क्या सोचा, एस्तेर?" ताई खुंटी पिळून तार लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोचायचं काय त्यात, सर? वरचा सूर कोन वाजवणार?" आणि त्यांनी गज उचलला. आम्हीही उचलले. त्या दिवशी चीज इतकी सुरेख झाली की डेव्हिडांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे ही गोष्ट 'ताईंचा त्याग' म्हणून सगळीकडे झाली. दर महोत्सवाला पाहुण्यांची ओळख करून देताना कुणीतरी ती सांगायचंच, आणि ताई ओठ मिटून ऐकत बसायच्या.

माझी गोष्ट त्या मानाने किरकोळ. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. बढती आली, नागपूरला. पगार वाढणार होता, राहायला सरकारी बंगली मिळणार होती. बायको सुमनने सामानाची यादी मनातल्या मनात करूनही टाकली होती. मी चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. ज्या बाईने मुंबईची रेडिओची नोकरी या संगीतासाठी सोडली, तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने सांगायचं, की ताई, मला नागपूरला बंगली मिळतेय, खालचा सूर तुमचा तुम्ही बघून घ्या? नाही सांगता आलं. बढती नाकारली. सुमन आठवडाभर बोलली नाही. मग म्हणाली, "लग्न त्या सारंगीशीच लावायचं होतं, मला कशाला आणलं?" तिचंही बरोबर होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणायला फारसं जड जात नाही, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

चारातलं एक माणूस कमी झालं की कुणीतरी नवं तयार करायचं, हे आज सोपं वाटतं. पण मिसबाईंनी आम्हाला वाजवायला शिकवलं होतं, शिकवायला नाही. त्यातून ताई हमीद सरांचा सूर शिकवणार कशा, तो तर त्यांनी कधी कागदावर बघितलासुद्धा नव्हता. येणारी पोरं तीन गुरुवार यायची आणि चौथ्या गुरुवारी क्रिकेट खेळताना दिसायची. हमीद सर गेले तेव्हा आम्ही तीन सुरांच्या चिजांवर आलो. डेव्हिड कंपाउंडर गेले तेव्हा दोन सुरांच्या. उरलो ताई आणि मी, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा, मधली जागा रिकामी. चौघं होतो तेव्हा निदान वाटायचं, तिघं तरी राहतील. दोघं उरल्यावर मी साधा तापाने पडलो तरी भीती वाटायची की माझ्यामुळे ताईंच्या आयुष्याचा आधार जाईल. सुमन गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार मी चुकवला नाही. मुलगी पुण्याहून सारखी बोलवायची, "बाबा, एकटे काय करता तिथं?" मी म्हणायचो, "जानेवारी होऊ दे." जानेवारी झाला की पुढच्या जानेवारीच्या चिजा निवडायच्या असत. कधीकधी तालमीला निघताना चप्पल पायात घालताना मला चक्क गुदमरल्यासारखं व्हायचं. मी दारातच थोडा वेळ उभा राहायचो. मग निघायचो.

गेल्या जानेवारीत पुण्याहून पाच-सहा मुलामुलींचा गट आला. सगळी कंप्युटरच्या नोकऱ्यांतली, हौसेने ही वाद्यं परदेशातून मागवलेली. आमच्या महोत्सवाबद्दल त्यांनी इंटरनेटवर कुठंतरी वाचलं होतं, आणि ताईंच्या पाया पडायला तर रांगच लावली. त्यांचा कार्यक्रम आमच्या आधी होता. ताई आणि मी पहिल्या रांगेत बसलो. मृण्मयी नावाची आखूड केसांची मुलगी पहिल्या चिजेत ताईंसारखं लहान वाद्य वाजवत होती. छान वाजवत होती. चीज संपली, टाळ्या झाल्या, आणि मग ती पोरं उठली आणि सहज, संगीतखुर्ची खेळावी तशी, एकमेकांच्या जागेवर जाऊन बसली. मृण्मयीने माझ्यासारखं मोठं वाद्य गुडघ्यांत घेतलं. ज्याच्याकडे मोठं होतं त्याने मधलं घेतलं. आणि वाजवायला सुरुवात केली. ताईंनी माझं मनगट धरलं. तिसऱ्या चिजेला ती पोरं पुन्हा उठली आणि त्यांनी पुन्हा वाद्यं बदलली. ताईंची पकड इतकी घट्ट झाली की मला दुखायला लागलं, पण मी हात काढून घेतला नाही.

मध्यंतरात मृण्मयी चहाचा कप घेऊन आमच्याजवळ आली. ताईंनी विचारलं, "बाळ, असं सगळं वाजवून हात नाय बिघडत?"

"नाही हो आजी," ती हसली. "बोटांची रीत सगळ्यांवर सारखीच असते. लहान-मोठं एवढाच फरक. एक आलं की थोड्या सरावाने सगळी येतात."

"हे तुम्ही नवीन काढलं का?"

"छे, पूर्वीपासून असंच आहे. तेव्हाही लोक आपापसांत बदलूनच वाजवायचे. म्हणून तर एका घाटाची केलीत ना ही वाद्यं. एखादा पाहुणा आला नाही तर अडायला नको कुणाचं."

"पूर्वीपासून," ताई म्हणाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई छान वाजवतेस हो." मध्यंतर संपलं. आम्ही दोघं मंचावर गेलो आणि आमची दोन सुरांची चीज वाजवली. ताई एकाही जागी चुकल्या नाहीत. मी दोनदा चुकलो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला मान वर करून ताईंकडे बघण्याचं धाडस होईना.

पुढच्या गुरुवारी मी पाच वाजता गेलो तर बैठकीत वाद्यं काढलेली नव्हती. ताई आरामखुर्चीत बसल्या होत्या. मी पेटीकडे वळलो तर म्हणाल्या, "राहू दे. बस." मी बसलो. त्या म्हणाल्या, "वसंता, म्हणजे मी गेले असते तरी चाललं असतं."

मी जरा पुढे सरकलो.

"हमीद सरांनी चार महिन्यांत उचललं असतं वरचं. हुशार मानूस. नायतर तू." मग त्यांनी अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झालं सांगावं तसं सांगितलं, "मला हे संगीत कधी आवडलंच नाय रे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"नाय आवडत. वाईट नाय ते, पण थंड हाय. आत काही हालत नाय माझ्या. मला गायचं होतं. वाजवताना सारखी भीती वाटायची की तोंडातून गाणं निघंल, म्हनून ओठ दाबून धरायची मी." त्या हसल्या. "लोकांना वाटलं समाधी लागती."

"मग का वाजवलं, ताई? इतकी वर्षं?"

"आधी मिसबाईसाठी. बाबांनी तिचं मीठ खाल्लं होतं. मग ते तिघं होते. मग तू. तू नागपूर सोडलंस या सारंगीपायी. सुमन गेली तरी तू आलास. मी म्हटलं, या पोराचा जीव अडकलाय यात, याला उघड्यावर कसं टाकावं?"

मी म्हणालो, "ताई, नागपूर मी तुमच्यामुळे सोडलं. मुंबई तुम्ही सोडली म्हणून. मला लाज वाटली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. इतके हसलो, इतके हसलो, की शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावून "काय झालं, ताई?" विचारायला लागल्या. ताईंना ठसका लागला. मी पाणी आणलं. हसू थांबल्यावर मात्र ताई पदराने डोळे पुसत राहिल्या. मीही पुसले. साठ वर्षं एका खोलीत शेजारी बसून आम्ही एकमेकांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता, निव्वळ भिडेपायी. मला विचाराल तर मला ते संगीत आवडायचं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. इतकी वर्षं पायाखालची फरशी आवडते का, असं कोण विचारतं?

त्यानंतर आम्ही वाजवलं नाही. गुरुवारी मी जायचो, पण पेटी उघडली नाही. ताईंच्या स्वयंपाकघरात जुना, मोठ्या खुंट्यांचा रेडिओ होता. तो त्यांनी बैठकीत आणायला लावला. पाच वाजता त्या रेडिओ लावायच्या आणि जुनी गाणी लागली की बरोबर गायच्या. आवाज पार गेला होता, वरचा सूर तर फुटायचाच. पण शब्द सगळे पाठ. एखाद्या ओळीला मान वाकडी करून अशा काही थांबायच्या, की मला वाटायचं, ही बाई मुंबईला गेली असती तर आज माझ्या घरच्या रेडिओवरून मी हिलाच ऐकत असतो. रांजणांशेजारची फडकी वाळून कडक झाली. उन्हाळ्यात माझ्या वाद्याच्या पोटाला मोठी चीर गेली. मी सांगितलं तर ताई म्हणाल्या, "जाऊ दे. त्याचंबी वय झालं." यंदाच्या महोत्सवाचं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कमिटीला सांगून टाकू. दोघं जाऊन सांगू. आमचं झालं म्हनावं, आता पोरांनी करावं नायतर बंद करावं. पाऊस सरला की जाऊ." पाऊस सरला. ताईंच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि आमचं कमिटीकडे जाणं राहून गेलं.

स्मरणसभा चर्चच्या हॉलमध्येच झाली. सगळी छावणी आली होती, मिरजेचे, नगरचे लोक आले होते, पुण्याची ती मुलंही. एकेक जण उठून त्यागाची गोष्ट सांगत होता. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यापुढे महोत्सव ताईंच्या नावाने होईल, दरवर्षी, कायमचा, आणि त्यांचं वाद्य हॉलमध्ये काचेच्या कपाटात त्यांच्या फोटोखाली राहील. मृण्मयी डोळे पुसत उठली आणि म्हणाली, ताईंचा सूर आम्ही आळीपाळीने वाजवू. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठलो आणि म्हणालो, "ताईंना हे संगीत आवडत नव्हतं. त्यांना गायचं होतं. त्या यंदा सगळं थांबवणार होत्या, मला त्यांनी स्वतः सांगितलं."

मग मागून कुणीतरी "अरेरे" केलं, अगदी मायेने. पाळकसाहेब खाली उतरून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वसंतराव, इतक्या वर्षांची सोबत तुटली म्हणजे माणसाच्या मनाचं असं होतं. आम्ही समजू शकतो." मी म्हणालो, "अहो, मनाचं नाही, मी खरं सांगतोय..." सुधीर म्हणाला, "काका, बसा. बरं नाही तुम्हाला." त्यांनी मला बसवलं. सभा प्रार्थनेने संपली. जाताना कितीतरी जणांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, ताईंसाठी तरी तुम्ही वाजवत राहा. जानेवारीच्या महोत्सवाच्या पत्रिकाही छापून आल्या आहेत. वर ताईंचा तोच फोटो आहे, ओठ मिटलेला, आणि खाली खालच्या सुराला माझं नाव.

म्हणून हे इथं लिहिलं. तिथं ऐकलं नाही, निदान छापलेलं वाचतील. जानेवारीत मी वाजवणार नाही. माझी जागा कुणीही घेईल, त्यांच्यातले सगळेच सगळं वाजवतात. मी पुण्याला मुलीकडे असेन. पण मला नाही म्हणायला तोंड तरी आहे. ताईंचं काय? ज्या बाईला त्या खुर्चीतून एकदा उठायचं होतं, तिला आता काचेआड कायमची बसवणार आहेत, आणि दर वर्षी तिच्यासमोर तेच वाजणार आहे.

घर रिकामं करताना सुधीरने विचारलं, "काका, आठवण म्हणून तुम्हाला काय देऊ?" त्याला वाटलं असेल, मी गज मागेन, नाहीतर सुरांचे कागद. मी रेडिओ मागितला. तो आता माझ्या खिडकीत आहे. काटा ताईंनी ठेवला तिथंच आहे, मी हलवलेला नाही. गुरुवारी पाच वाजता लावतो. परवा एक गाणं लागलं, त्याच्या दुसऱ्या कडव्याला ताई नेहमी मान वाकडी करून थांबायच्या. मी आवाज मोठा केला आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून चांगलं मोठ्याने म्हणालो, ताई, गा. इथं तुमच्या मांडीवर सारंगी द्यायला कुणी येणार नाही.